मधलं घर

खारवेळी, ता. म्हसळा
१९ जानेवारी २०२५

चि. मृणाल हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी काय बोलते ते अख्ख्या आळीला ऐकू जातं, म्हणून कागदच बरा. बातमी अशी की माझ्या दीपेशचं लग्न जमायच्या वाटेवर आहे. मुलगी रेवसची, मनाली नाव. बाप नाखवा, धक्क्यावर त्याच्या दोन मोठ्या बोटी उभ्या असतात. आपली एकच होडी, तीही दीपेश आणि शेजारच्या गोदूचा नवरा रघू दोघंच चालवतात एवढीशी. तोलामोलाचं दिसायला नको का?

आणि बघ, त्यांनी माणूसही पाठवला. तुला आपली रीत ठाऊक आहे. सोयरीक करण्याआधी मुलीकडचे एखादा परका माणूस आळीत धाडतात. तो मुलाच्या घरी जात नाही, शेजारीपाजारी गप्पा मारून घराचा अंदाज घेतो. गेल्या आठवड्यात असाच एक पोरगा आला. ऋत्विक नाव सांगितलं. पायात बूट, हातात पाटीएवढा मोबाइल. सर्वेक्षण करतोय म्हणाला. आता तो काय, सोयरीक बघायला आलोय असं म्हणणार होय? माझं दार सोडून आजूबाजूला सगळीकडे बसला. एका चुलीवर किती जेवतात, कमावते किती, महिन्याला काय येतं, छप्पर कसलं, फ्रिज आहे का. मी म्हटलं, मुलीचा बाप हुशार दिसतो.

पोरगा आळीच्या तोंडाशी दिसला तेव्हाच मी परसदाराने फिरून सगळ्यांना सांगून आले होते. भिकाऱ्यांच्या आळीत मुलगी कोण देईल? म्हणून ज्याने त्याने आपलंही घर फुगवून सांगितलं. गोदूने रघूची कमाई तिप्पट केली. ठमीकाकू सुकट विकून पोट भरते, तिला मूल ना बाळ, तिने मुंबईतल्या मुलाचा पगार सांगितला. मला हसू आवरेना.

बाकी ठीक. मागच्या महिन्यात एका सकाळी चांगदेवने बंदरावरचा भोंगा दिला आणि वारा उठायच्या आत सगळ्या होड्या खाडीत आल्या, दीपेशचीही. मला भोंगा ऐकू येत नाही, पण बाया किनाऱ्याकडे धावायला लागल्या की कळतं. तुझ्या आतोबांच्या वेळी भोंगा असता तर ते आज सुनेचं तोंड बघते. त्या भोंग्यासाठी मी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते तुझ्या बापाला विचार.

तुझी,
तुळशीआत्या


पुणे
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

सा. नमस्कार. तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसत होते. ठमीकाकूचा मुंबईचा मुलगा लग्नाला येणार असेल तर मला भेटायचं आहे त्याला.

माझ्या नव्या कामाचं तू विचारलं होतंस. सांगते. आमची संस्था प्रत्येक तालुक्याचं मधलं उत्पन्न काढून देते. म्हणजे असं समज, म्हसळा तालुक्यातली सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत उभी केली. बरोबर मधोमध जे घर उभं राहील त्याची वर्षाची कमाई किती? शाळेत याला मध्यक म्हणायचे. सरासरी का नाही, तर एखादा रिसॉर्टवाला रांगेत घुसला की सरासरी उगाच वर जाते. मधलं घर मात्र सहसा हलत नाही.

आता सगळ्या घरांना कोण विचारत बसणार? प्रत्येक तालुक्यात थोड्याच वस्त्या निवडतात, बाकीचं आम्ही इतर खुणांवरून अंदाजाने भरतो. शेजारचे तालुके, पक्की छपरं, गाड्या, रात्री उपग्रहातून दिसणारे दिवे. कुठल्या वस्तीत कोणी काय सांगितलं ते आमच्यापर्यंत नावानिशी येत नाही, नुसते आकडे येतात. त्यावरून ठरतं कुठला किनारी तालुका दुर्बळांच्या यादीत ठेवायचा आणि कुठला काढायचा. काम कोरडं आहे, पण मला आवडतं.

मनालीचा फोटो पाठव. दीपेशला म्हणावं, दाढी कर.

तुझी,
मृणाल


खारवेळी
३ मार्च २०२५

चि. मृणाल हिला आशीर्वाद.

सुपारी फुटली. वैशाखात लग्न. मनाली दिसायला साधी आहे, पण हात बघितले मी तिचे, कामाचे आहेत. तिचे वडील घरी येऊन गेले. फार बोलले नाहीत. अंगणात उभे राहून छपराकडे बघितलं, दीपेशने विणलेलं जाळं हातात घेऊन गाठी चाचपल्या आणि मग सरबत प्याले.

एक गंमत सांगते. निघताना मी त्यांना म्हटलं, तुमचा माणूस भारी चौकस हो, फ्रिजपर्यंत विचारून गेला. ते गोंधळले. म्हणाले, 'म्यां कोन धाडला न्हाय, बाय.' मी मनात म्हटलं, कबूल कोण करतो. तू काय म्हणतेस?

आणि तुझं ते मधलं घर मला काही पटलं नाही. रांगेत मधोमध उभं राहणाऱ्या घराला तरी ठाऊक असतं का आपण मधले म्हणून? इथे ज्याला विचारशील तो स्वतःला शेवटचाच समजतो. तरी आपली आळी जरा मधल्याच्या पुढे ठेव, म्हणजे व्याह्यांपुढे मान ताठ राहील.

आत्या


पुणे
२२ मार्च २०२५

प्रिय आत्या,

हे पत्र एकटीने वाच.

तो ऋत्विक आमचा आहे. विचारायच्या घरांत तुझं घर नव्हतं, म्हणून तुझं दार सोडून गेला, एवढंच. मुलीकडच्यांनी कोणी पाठवला नव्हता, ते खरंच बोलत होते. म्हसळ्याचा आकडा अचानक इतका वर गेलेला बघून मी चौकशी केली तेव्हा त्याचं नाव निघालं. तुमच्या तालुक्यातली खाडीकाठची निवडलेली वस्ती एकच होती, आणि ती आपली आळी. तालुक्यातल्या साऱ्या कोळीवाड्यांच्या वतीने गोदू आणि ठमीकाकू बोलल्या आहेत.

तरीही आम्ही पडताळा घेतो. पण किनाऱ्यावर शनिवार-रविवार येणाऱ्यांचे बंगले झालेत, त्यांचे दिवे उपग्रहाला तुमचेच वाटतात. आळीने सांगितलेलं आणि दिव्यांनी सांगितलेलं जुळलं. आमचे कुलदीप सर म्हणाले, दोन्हीकडून एकच येतंय तर शंका कसली. दोन खोट्या साक्षी जुळल्या की खरं वाटायला लागतं, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

आता मुख्य गोष्ट. मधलं घर ठरलेल्या रेषेच्या वर गेलं तर म्हसळा यादीतून निघतो. आणि बंदरावरचा भोंगा, त्याची वीज, चांगदेवकाकांचा पगार, सगळं त्याच यादीतून चालतं. मला हे आत्ता कळलं. पावसाळ्याच्या तोंडाला भोंगा बंद होईल, आत्या.

उपाय आहे. आळीने लिहून द्यायचं की गैरसमजाने चुकीचं सांगितलं गेलं. ग्रामसभेत वाचून, ठराव करून, म्हसळ्याला एप्रिल संपायच्या आत पोचवायचं. मग फेरपाहणी होते. एवढंच कर. लगेच कर.

मृणाल


खारवेळी
९ एप्रिल २०२५

चि. मृणाल,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवले नाही. मग तुझाच राग आला. घरबसल्या माणसांच्या रांगा लावता आणि गोत्यात आम्ही येतो.

ग्रामसभेत वाचायचं म्हणतेस. मनालीची सख्खी मावशी याच गावात दिली आहे, सभेला पहिल्या रांगेत बसते. तिथे उभं राहून मी काय वाचू? की आळीतल्या प्रत्येक घराने खोटं सांगितलं, आणि ते माझ्या घराचं लग्न जमावं म्हणून? त्या बायांनी माझ्यासाठी तोंड उघडलं. आता त्यांनीच चारचौघांत आपण कंगाल आहोत म्हणून अंगठे उठवायचे? आणि अक्षता तोंडावर आल्या असताना सोयरीक मोडली तर दीपेशला या किनाऱ्यावर परत मुलगी मिळायची नाही.

भोंगा काय आहे ते तू मला शिकवू नकोस. तुझे आतोबा गेले तेव्हा मी याच दारात उभी होते, वारा माझ्या तोंडावर येत होता आणि त्यांना कळवायला माझ्याकडे काही नव्हतं. मला एकच मुलगा आहे. पण विचार कर, आता समुद्र तळ्यासारखा आहे. पुढे जून-जुलै होड्या वर ओढलेल्या. भोंग्याचं काम नारळी पौर्णिमेनंतरच. लग्न पार पडलं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः दारोदार जाऊन सह्या आणते.

तोवर तू तिथून काही कर. तुझ्याच हातचा आकडा आहे ना? थोडा खाली घे. कोणाला कळणार आहे?

आत्या


पुणे
२० एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

माझ्या हातचा असता तर कधीच खाली घेतला असता, खरं सांगते. एक तालुका हलवला की शेजारचेही हलतात, आणि प्रत्येक बदलाला कारण लिहावं लागतं. कुलदीप सरांकडे मी दोनदा गेले. ते वाईट नाहीत. म्हणाले, लेखी आण, मी सही करतो.

लेखी माझ्याकडे आहे. तुझं जानेवारीतलं पत्र माझ्या पर्समध्येच असतं. ते दाखवलं तर काम होईल, पण त्याची प्रत म्हसळ्याला जाईल आणि तिथून ते पत्र गावात पोचायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. म्हणून विचारते, दाखवू का? तू हो म्हणेपर्यंत दाखवणार नाही. मला भीती वाटते आत्या, आणि तू रागावशील याचीही वाटते. दोन्हीतली कुठली मोठी ते कळेनासं झालंय.

नुसतं हो लिहून पाठवलंस तरी पुरे.

मृणाल


खारवेळी
२ जुलै २०२५

चि. मृणाल हिला आशीर्वाद.

तुझ्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तू लग्नाला आलीस, पंगतीत वाढलंस, विषय काढला नाहीस, हे मी लक्षात ठेवलं आहे.

मनाली सोन्यासारखी आहे. मला ऐकू येत नाही हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं, समोर येऊन बोलते. दीपेशने आता दाढी रोज करायला घेतली आहे.

चांगदेवला जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी बसवलं. माणसं आली, वायर गुंडाळून घेऊन गेली. भोंगा खांबावर तसाच आहे, कर्ण्यात साळुंकीने काड्या आणून टाकल्यात.

मी बोलल्याप्रमाणे सह्या घेतल्या. ठमीकाकूने तर आपणहून लिहून दिलं की मला मुलगा नाही. कागद घेऊन म्हसळ्याला गेले. साहेब म्हणाले, मुदत संपली, आता पुढल्या वर्षी. मी एसटीत बसले आणि म्हसळ्यापासून खारवेळीपर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही.

घरी येऊन मनालीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही माहेरी जाते. ती हसली. म्हणाली, 'बाबांना ठाव होतं. छपरावरचं ठिगळ त्यांनी तवाच बघितलं. जाळ्याच्या गाठी बघून त्यांनी व्हय म्हटलं.' ऐकलंस? कुणी न विचारलेल्या गोष्टीसाठी मी भोंगा गमावला.

सह्यांचा कागद या पत्रासोबत पाठवते आहे. आता काय करू ते सांग. मी ऐकेन.

आत्या


पुणे
१४ जुलै २०२५

प्रिय आत्या,

रडत बसू नकोस. तुझा सह्यांचा कागद मी कुलदीप सरांसमोर ठेवला, जानेवारीचं पत्रही ठेवलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी वाचलं आणि सही केली. फेरपाहणी मंजूर झाली आहे. ऋत्विकच येईल, दिवाळीनंतर. यादी मात्र एप्रिलआधी बदलत नाही.

म्हणजे हा एक हंगाम निभवायचा आहे. मी रोज सकाळी हवामानाचा इशारा बघून मनालीला फोन करीन. तिने दीपेशला सांगायचं. इशारा असेल त्या दिवशी त्याने जायचं नाही, मासळी कितीही लागली असली तरी. त्याच्याकडून शपथ घे. खाडीच्या बाहेर रेंज जाते असं तो लग्नात म्हणत होता, तेवढं एक माझ्या डोक्यातून जात नाही.

मृणाल


खारवेळी
३० ऑगस्ट २०२५

चि. मृणाल हिला आशीर्वाद.

नारळ वाहिला, होड्या उतरल्या. गौरी-गणपतीत घर भरलेलं आहे. तुझा फोन आला नाही असा एक दिवस जात नाही, मनाली तुला भोंगाताई म्हणायला लागली आहे.

तिने एक युक्ती केली आहे. तिच्या लग्नातली लाल साडी चांगदेवकडून भोंग्याच्या खांबाला दोरीने बांधून घेतली. इशारा आला की वर ओढायची, बावट्यासारखी. उघडीप असली तर लांबवर दिसते. मी विचारलं, पावसात? ती म्हणाली, पावसात बघू.

मासळी बरी लागते आहे. दीपेश उशिरापर्यंत थांबायला लागला आहे, म्हणतो छपराचे पत्रे यंदा बदलू. मी म्हटलं, ठिगळ राहू दे, त्याच्यावर लग्न झालंय तुझं. पण ऐकत नाही. जुन्या माणसांना पाणी गढूळ वाटतं, मलाही वाटतं. तू म्हणशील आत्या उगाच काहीतरी बोलते.

इथून गेल्यापासून तू बारीक झाली असशील. खात जा.

आत्या


पुणे
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या, मनाली,

फोन लागत नाही. दीपेशचाही नाही. परवा सकाळी इशारा नव्हता, दुपारी आला, आला तसा मी मनालीला सांगितला. त्यानंतर कोणाशीच बोलणं नाही. बाबा निघालेत. हे पत्र त्यांच्याआधी पोचणार नाही, तरी लिहिते. नुसतं घरी आलाय एवढं कळवा.

मृणाल


खारवेळी
२३ नोव्हेंबर २०२५

मृणालताईंना मनालीचा नमस्कार.

तुमची पत्रं आईंनी वाचली नाहीत, मी वाचून उशाखाली ठेवली. तुमच्या बाबांनी तिकडे परत जाऊन तुम्हाला सांगितलंच असेल. तरी तुम्ही मला विचारलंत, म्हणून लिहिते.

तुमचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते. यांना फोन लावला, रेंज नव्हती. धावत जाऊन साडी वर ओढली. तोवर असा पाऊस आला की खांबाखाली उभी असून मलाच ती दिसेना. मोठ्या बोटींना वायरलेसवर कळलं होतं, त्या आत आल्या होत्या. छोट्यांतल्या काही आल्या, काही नाही.

रघूदादांना दुसऱ्या गावच्या बोटीने उचललं. बरेच दिवस ते आमच्या दारी आले नाहीत. मग एकदा येऊन आईंच्या पायाशी बसले आणि मला सांगितलं. वारा फिरला तसं ते म्हणाले होते, परत फिरू. यांनी सवयीने कान दिला आणि म्हणाले, 'भोंगा झाला न्हाय अजून, एक फेर टाकू.' मग दोघंही हसले, कारण भोंगा नाहीच हे दोघांना ठाऊक होतं. तरी जाळं टाकलं.

काल ऋत्विक आला होता. या वेळी आमच्या दारी आधी आला. बूट बाहेर काढले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, अंगणातली मासळीची उपडी पाटी आणि आईंना बघून त्याला कळलं असावं. प्रश्न तेच होते. आईंना ऐकू येत नाही म्हणून तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवत होता. घरात कमावते किती, हे वाचून आई म्हणाल्या, 'दोन. म्यां न् माझा पोर.' त्याने माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. त्याने एक लिहिलं आणि खाली बघून पुढचा प्रश्न काढला.

आळीत सगळ्यांनी खरं सांगितलं. गोदूवहिनींनी तर डबे उघडून दाखवले. आता आकडा खाली येईल आणि एप्रिलपासून भोंगा परत लागेल, असं ऋत्विक म्हणाला. आमच्या घराला खरं सांगण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. रांगेत ते आता कुठे उभं राहतं तेवढं मात्र कळवू नका.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका असं मी लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मीही तुमच्यावर रागावले होते, आईंवर रागावले होते, बाबांवरही, की त्यांनी ठिगळ बघितलं तेव्हाच तोंडाने का नाही सांगितलं. आता कोणावर रागवायचं ते कळत नाही. तुम्ही या. आईंना तुमची गरज आहे, मलाही आहे.

चांगदेवकाका खांबावर चढून कर्ण्यातलं घरटं काढून आले. वीज नाही, वायर नाही, नुसतं पुसून आले. तेव्हापासून आई संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारतात, वाजला का गं? मी नाही म्हणते. त्यावर त्या मान डोलवतात, जणू हेच त्यांना ऐकायचं होतं.

म्हणतात, 'भोंगा झाला न्हाय, तर त्यो परत येल कसा?'

मनाली